सव्वा तासाचं गाव

"अंकल, ये यहाँ का टिकट नहीं है," असं म्हणून दारावरच्या त्या बंदूकवाल्या पोराने मोबाइल परत हातात ठेवला, तेव्हा श्यामसुंदरच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की याला वाचता येत नसणार. मिसरूड फुटलंय नुकतं, कुठल्या तरी खेड्यातून उचलून आणून इथे काचेच्या दारात उभा केलाय, आणि हा मला सांगतोय. "नीट देख," श्यामसुंदर म्हणाला. पोराने नीट पाहिलं. नवी मुंबईहून आहे हे विमान, तिकडे जावं लागेल, असं त्याने हिंदीत, शांतपणे, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. मागच्या रांगेतली बाई ट्रॉली ढकलत "एक्सक्यूज मी" म्हणाली आणि श्यामसुंदर बाजूला झाला. तिच्या अंगाच्या अत्तराचा वास नाकात गेला आणि त्याला उगाचच त्या बाईचाही राग आला. चाळीस वर्षं तो चकाल्याला राहत होता. घरातून रिक्षात बसलं की विमानतळ. तेही रिक्षावाल्याला "एअरपोर्ट" एवढंच सांगून. कुठलं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने त्याला मूर्खात काढलं असतं. मागच्या आठवड्यात सिद्धेशने, मुलाने, तिकीट पाठवलं तेव्हा फोनवर तो काहीतरी सुरू करत होता. "बाबा, एअरपोर्ट जरा बघून घ्या हां, ते..." आणि श्यामसुंदरने त्याला तिथेच तोडलं होतं. "तू कांदिवलीचा माणूस मला विमानतळ दाखवणार? ठेव फोन." नीला, बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, ऐकून तर घ्या त्याचं." पण नीलाचं ऐकायचं तर मग लग्नानंतरची सगळी वर्षं ऐकायला हवं होतं, आता एकदम कुठून सुरुवात करणार.

टॅक्सी मिळाली. गाडीत कसलासा गुलाबाचा सेंट मारलेला होता आणि त्याखालून कालच्या जेवणाचा वास येत होता. ड्रायव्हरने कानात बोंडं खुपसली होती आणि तो कुणाशी तरी भोजपुरीत हसून बोलत होता. बोला, बोला. माझं काय जातंय, माझा फक्त मान जातोय. हा शब्द मनात उमटला आणि श्यामसुंदरला स्वतःचीच शिसारी आली. मान म्हणे. काय तो मान? एक नारळ. गावाच्या समाराधनेला देवळात सगळा गाव जमतो, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, त्याआधी देवापुढे पहिला नारळ ठेवायचा तो परबांच्या थोरल्या घरातल्या कर्त्या पुरुषाने. तो नारळ ठेवला की मग गाऱ्हाणं, मग गावजेवण. तोवर गावात कुणी तोंडात घास घालत नाही. नारळाला सोन्याचा मुलामा नसतो, बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळतो, आणि तो ठेवून कुणाचं भलं झालेलं श्यामसुंदरने तरी पाहिलं नव्हतं. देव वगैरे त्याने कॉलेजातच सोडून दिला होता. पण थोरल्या घरचा माणूस हजर नसला तर नारळ धाकट्या घराकडे जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. धाकटं घर म्हणजे नितेश. चुलतभाऊ. गावात टेम्पो चालवणारा, गुटखा खाऊन दात लाल केलेला, दर वाक्याला "दादा, दादा" करणारा नित्या. त्या नित्याच्या हातात तो नारळ गेलेला श्यामसुंदरला बघवला नसता. आपलं जे काही होतं त्यातलं मुंबईने काय शिल्लक ठेवलंय? कंपनीने खुर्ची काढून घेतली, मुलगा वेगळा राहिला, सोसायटीत सेक्रेटरीच्या निवडणुकीत पडला. उरला हा नारळ. आणि तो नकोसा असूनही सोडवत नव्हता, हे त्याला स्वतःपाशी कबूल करायचं नव्हतं.

आणि सगळे काल गेले होते. हेच तर होतं. मुंबईकर मंडळी आदल्या दिवशी बसने निघतात, फरसाणाच्या पिशव्या, पोरांच्या उलट्या, घाटात वळणावर वळण, पहाटे सुजलेल्या तोंडाने गावात उतरतात आणि मग दिवसभर ओटीवर आडवी होऊन "लय त्रास झाला बुवा प्रवासाचा" म्हणून मिरवतात. श्यामसुंदरने या वर्षी गावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, की ज्यांना हाल काढायचे त्यांनी काढावेत, विमानतळ आता आपल्या सड्यावर झालंय, उड्डाणाचा वेळ सव्वा तास आहे, मी सकाळी निघून गाऱ्हाण्याला हजर असेन. सिद्धेशने त्याला कसली तरी वेबसाइट दाखवली होती, दोन विमानतळांची नावं घातली की मधलं हवाई अंतर आणि लागणारा वेळ दाखवणारी. नकाशावर निळी रेघ आली. सरळसोट. ना पेणचा ट्रॅफिक, ना कशेडी, ना महामार्गाचं ते कधीच न संपणारं काम. त्या रेघेकडे बघताना श्यामसुंदरला खरोखर सुख झालं होतं. आयुष्यभर ज्या रस्त्याने त्याला मळमळवलं तो रस्ताच कुणीतरी पुसून टाकला होता. पावणेचारशे किलोमीटर, सव्वा तास. मुलुंडहून बोरिवलीला जायला जास्त लागतो, असंही त्याने ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. नितेशने लिहिलं, "दादा ग्रेट." गाढव.

टॅक्सी कुर्ल्याच्या पुढे पुलावर अडकली. दोन्हीकडे इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळ, की एका घरात माणूस दात घासताना दिसला. तोही थांबलेल्या गाड्यांकडे बघत होता, आरामात, फेस गळत. बघ लेका, बघ. फुकटचा तमाशा. श्यामसुंदरने मांडीवरची बॅग घट्ट धरली. आत सोवळं होतं, अण्णांचं, त्याच्या वडिलांचं. नीलाने इस्त्री करून ठेवलं होतं. अण्णा गिरणीत साच्यावर होते. अण्णांनी हा नारळ कधी चुकवला नाही. गिरणीत खाडा झाला तरी चालेल, पोराची परीक्षा असली तरी चालेल, समाराधनेला अण्णा गावात. लहानपणी श्यामसुंदरला वाटायचं की तिकडे अण्णांची दुसरी बायको असावी, इतकी ओढ त्यांच्या डोळ्यांत दिसायची. एका वर्षी ते तापाने फणफणले असताना गेले. एसटीतून उतरले ते गावाच्या शिवेवरच कोसळले, देवळापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तेव्हा गुरवाने निवाडा दिला होता, की शिवेच्या आत पाय पडला म्हणजे माणूस हजर, नारळ त्याच्या नावाने ठेवा. तेव्हापासून गावात तो रिवाजच झाला. ज्याचा पाय हद्दीत, तो हजर. अण्णा हे सांगताना रडायचे. भरल्या घरात, माणसांसमोर, एका नारळासाठी रडणारा बाप. श्यामसुंदर तेव्हा दहावीत होता आणि त्याला इतकी लाज वाटली होती की तो उठून गॅलरीत गेला होता. आता मात्र त्याला तो रिवाज फार उपयोगाचा वाटत होता. कारण विमानतळ झालं ते गावाच्याच सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, शिवेच्या आत. चाकं जमिनीला लागली की परबांचा थोरला हजर. देवळात धावत जायचीही गरज नाही. हे सगळं त्याने मनाशी पक्कं करून ठेवलं होतं, आणि पक्कं करताना अण्णांच्या त्या तापाची त्याला किंचितही दया आली नव्हती.

छेडानगरच्या सिग्नलला फोन वाजला. नितेश. मागून माणसांचा गलका, भांड्यांचा आवाज. "दादा, खंय पोचलस?"

"विमानात बसलो," श्यामसुंदर म्हणाला. तोंडातून इतकं सहज गेलं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "आता फोन बंद करायला सांगतायत."

"बरां बरां. सावकाश ये रे. आमी आसव."

आसव म्हणे. असणारच, जाणार कुठे. त्याला एकदम नितेशच्या त्या गुटखा भरलेल्या तोंडाची, त्या "सावकाश"ची किळस आली. याच्या आयुष्यात सगळंच सावकाश. लग्न सावकाश, घराचं छप्पर सावकाश, आणि गावात राहून थोरल्या घराची पडवी झाडायचं काम मात्र न सांगता रोज. उपकार करून ठेवायचे आणि मग लाल दात काढून बघत राहायचं. फोन ठेवतो न ठेवतो तोच सिद्धेशचा आला. श्यामसुंदरने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. आता हा बोलणार, बाबा मी सांगत होतो. शब्द न् शब्द ठाऊक होता. जावयाला बोलावं तसं सौम्य बोलायचा हल्ली, बापाशी, त्या सौम्यपणात एक हिशेब असायचा, म्हातारा चिडेल म्हणून. तिसऱ्यांदा आला तेव्हा श्यामसुंदरने आवाजच बंद केला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "गाडी चला ना, मुझे क्या देखता है," असं त्याला म्हणावंसं वाटलं, पण गाडी चालवायला रस्ता कुठे होता.

मग देवनारची बाजू आली. काचा बंद असूनही तो वास आत आला, ओला, गोडसर, कुजका, सगळ्या मुंबईने खाऊन टाकलेल्याचा वास. कचऱ्याच्या डोंगरावर घारी फिरत होत्या. श्यामसुंदरने रुमाल नाकाला लावला. हे शहर. याच्यासाठी अण्णांनी छातीत कापसाचे तंतू भरून घेतले, याच्यासाठी आपण पंचवीस वर्षं परचेसमध्ये सप्लायरांची थोबाडं बघितली, आणि आज याच शहराच्या एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतोय त्यात माणूस गावी पोचून, हातपाय धुऊन, दुसऱ्यांदा चहा प्याला असता. निळ्या रेघेवर हे नव्हतं. ती दोन टिंबांच्या मधली रेघ होती. टिंबापर्यंत कसं पोचायचं ते ज्याचं त्याने बघायचं. वेबसाइट बनवणारी ती टाय लावलेली पोरं, त्यांना काय, ती जन्मतात टिंबावरच. श्यामसुंदरला हसू आलं आणि हसताना आरशात आपलं तोंड दिसलं. ओठ एका बाजूला खेचलेला. किती वर्षांपासून आपण असे हसतो? नीला एकदा म्हणाली होती, "तुम्ही हसलात की समोरच्याला वाटतं आपल्या कपड्यांवर काहीतरी सांडलंय." तेव्हा त्याने तेच हसू हसून दाखवलं होतं.

घड्याळात विमान सुटायची वेळ जवळ आली आणि गाडी अजून मानखुर्दच्या अलीकडे मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खाडीवरचा पूल, वाशी, बेलापूर, तिथून पुढे आणखी, सगळं बाकी होतं. दार केव्हाच बंद झालं असणार. "रोको," श्यामसुंदर म्हणाला. ड्रायव्हरने कानातलं बोंड काढलं. "एअरपोर्ट नहीं जाना?" "रोको बोला ना." त्याने पैसे दिले, उतरला, आणि उन्हात उभं राहिल्यावर आपण हे का केलं ते त्याला कळेना. मग कळलं. पोचून, धापा टाकत, बंद दारापाशी पुन्हा एका पोराकडून "अंकल" ऐकून घेण्यापेक्षा स्वतःहून उतरलेलं बरं. त्याने आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशा सोडल्या होत्या, हरायच्या जरा आधी, आणि मग त्या गोष्टीच टाकाऊ होत्या असं मनाला पटवलं होतं.

समोर एक उडुपी हॉटेल होतं. कोपऱ्यातलं टेबल पुसताना पोऱ्याने ते जास्तच ओलं केलं. श्यामसुंदरने चहा मागवला, बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि विचार सुरू केला. विचार म्हणजे हिशेबच. खरं सांगितलं तर नारळ गेला. संपलं. पण उतरलो म्हणून सांगितलं तर? विमान हद्दीत उतरलं म्हणजे आपण हजर. पुढे टॅक्सी मिळत नाही, सामान अडकलंय, पंक्चर झालं, काहीही सांगता येईल. तोवर ऊन डोक्यावर येईल, गुरव थांबणार नाही, रिवाजाप्रमाणे नारळ थोरल्याच्या नावाने ठेवला जाईल. नितेश ठेवेल, पण नाव आपलं. संध्याकाळी कळवायचं, तब्येत बिघडली, परस्पर परतलो. कोण बघायला येतंय विमानतळावर? त्या लोकांना विमानातलं काय कळतंय. त्यांना जे सांगू ते खरं. चहा आला. साय धरलेला, फार गोड. त्याला एकदम बरं वाटू लागलं, अंग हलकं झालं. सापडली वाट. एवढ्यासाठी अण्णा तापात शिवेपर्यंत सरपटत गेले, आणि आपण मानखुर्दला पंख्याखाली बसून तेच करतोय. अण्णांना हे सुचलं नसतं. अण्णा भोळे होते. भोळे लोक त्याला कधीच सहन होत नसत.

विमान उतरायची वेळ टळून चांगला वेळ गेल्यावर फोन टेबलावर थरथरला. नितेश. श्यामसुंदरने घोटभर पाणी प्यायलं, तोंड मोबाइलपासून जरा लांब धरलं, घाईत असल्यासारखा श्वास घेतला.

"उतरलो रे नित्या. आत्ताच उतरलो. सामान यायचंय, मग निघतो. तू गुरवाला सांग, मी हद्दीत आलोय."

पलीकडचा मघाचा गलका आता नव्हता. एवढी माणसं असून एवढं शांत, हे त्याला चमत्कारिक वाटलं.

"ऐकू येतंय का?"

"येता दादा," नितेश म्हणाला. आवाज खाली गेला होता. "स्पीकरवर आसा फोन. सगळे आयकतत."

"मग बरंच झालं. सगळ्यांनीच ऐकलं."

"दादा," नितेश थांबला. खोकला. "विमान अजून इला नाय रे. आमच्या देवळावरसूनच जाता ता. पोरां सकाळधरून आभाळात बघतत. उशीर हा म्हणान कळला, म्हणान गुरव पण थांबलेलो. विमान येयपर्यंत थांबूया, म्हणालो तो. तुझ्यासाठी थांबलेलव आमी."

श्यामसुंदरने फोन कानापासून दूर घेतला. पडद्यावर वर सिद्धेशचा निरोप होता, कधीपासूनचा कोण जाणे. बाबा, फ्लाइट एक तास लेट आहे, आरामात पोचाल, घाई करू नका, प्लीज फोन उचला. त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. दार बंद झालंच नव्हतं. गाडीत बसून राहिला असता तर पोचला असता. नुसतं बसून राहायचं होतं. मुलाचा फोन उचलायचा होता. त्याला कुणावर तरी संतापावंसं वाटलं आणि कुणी सापडेना, टेबल पुसणारा पोऱ्याही आत गेला होता. फोनमधून आता नितेशचा आवाज येत होता, दुसऱ्या कुणाशी तरी बोलणारा, गयावया करणारा. "मियां दादाच्या नावान ठेवतंय ना. गाडी चुकली आसतली तेची. येवक निघालेलो तो, खरांच निघालेलो." आणि मग गुरवाचा म्हातारा, कोरडा आवाज. त्यात राग नव्हता. "विमानच इला नाय, तर माणूस खंयसून इलो? नितेशा, नारळ हाती घे. आजपासून तुज्या घराचो."

आता हसतील, श्यामसुंदरला वाटलं. ही सगळी फरसाणवाली, सुजलेल्या तोंडांची माणसं आता हसतील. ग्रुपवर आपण काय काय लिहिलं होतं ते एकजण मोठ्याने वाचून दाखवेल. त्याचे कान तापले. तो हसण्याची वाट पाहू लागला, उत्तरं तयार करू लागला, जिभेवर चांगली झणझणीत चार वाक्यं आलीसुद्धा. नारळ ठेवल्याचा, दगडावर टेकल्याचा एक बारका आवाज आला. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरांनी समाराधना केली आसा ती मान्य करून घे. जी हय उभी आसत तेंका सांभाळ. जी मुंबैक आसत, वाटेर आसत, जेंका येवक जमला नाय, तेंका सुखी ठेव. काय चुकलामाकला आसात तर पोटात घे, म्हाराजा." आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "होय म्हाराजा!" त्यात नितेशचा आवाज वेगळा ओळखू येत होता. इतकी वर्षं गाऱ्हाण्यात थोरल्या घराचं नाव पहिलं यायचं. या वेळी श्यामसुंदरला नाव नव्हतं. तो 'जी मुंबैक आसत' त्यांच्यात होता, कुणाच्या कुणा पोरांबरोबर, ज्यांच्यासाठी देवाकडे एका दमात मागून टाकायचं असतं.

कुणीच हसलं नाही. फोन बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नसावं. तो देवळाच्या पायरीवर वगैरे ठेवलेला असावा, कारण आता पावलांचे आवाज जवळून जात होते. पानं मांडली गेली. बायका पंगतीतून ओरडत होत्या, वडे हयसर नाय इले, उसळीक मीठ कमी आसा, पोरांका आधी वाढा रे. श्यामसुंदर फोन कानाला लावून बसला. आता तरी कुणी काही बोलेल. लबाड म्हणेल, मुंबईचा शहाणा म्हणेल, अण्णांचं नाव काढेल. एक शिवी पुरली असती. तो श्वास रोखून ऐकत होता. मधेच एक घरघर सुरू झाली, वाढत वाढत गेली, बोलण्यावर पसरली, पोरं किंचाळली, "इला! विमान इला!" आणि ती डोक्यावरून जाऊन सड्याकडे विरली. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "सोलकढी फिरवा रे, लवकर." मग पावलं थांबली आणि एका बाईचा आवाज अगदी कानाशी आला, "अगो, ह्यो फोन कोणाचो चालू आसा?" आणि तिने तो बंद केला.